एकतिसाव्या पानावरचा डबा

वाचकाचे पत्र (थोडक्यात): “यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत मी आठ वर्षांपासून शिकवते. लहान मुलांसाठी विज्ञानाची टीव्ही मालिका करावी, असे फार दिवसांपासून मनात आहे. ५२ भागांची फाइल तयार केली असून ती सोबत पाठवत आहे. मुंबईत ओळखीचे कोणी नाही. नागपुरातले एक गृहस्थ म्हणतात की ५० हजार रुपये दिल्यास ते एका वाहिनीकडे माझी कल्पना ‘रजिस्टर’ करून देतील. कल्पना चोरीला जाईल, अशी भीतीही वाटते. मालिका वऱ्हाडीत करावी की प्रमाण मराठीत? उन्हाळ्याच्या सुट्टीत एकदा मुंबईला जाऊन यावे का?”

ताई, सप्रेम नमस्कार.

पैशांचे आधी सांगतो, कारण तुमचे बाकीचे प्रश्न महिनाभर थांबू शकतात, हा एक थांबू शकत नाही. त्या गृहस्थांना ५० हजार काय, ५० रुपयेही देऊ नका. वाहिनीकडे पैसे भरून कल्पना नोंदवण्याचा असा कोणताही प्रकार नसतो. वाहिन्या आपली वेळ विकतात, हे मात्र खरे आहे. सकाळी औषधे आणि अंगठ्या विकणारे जे कार्यक्रम दिसतात, त्यांतले बरेचसे असे विकत घेतलेल्या वेळेतच चाललेले असतात. पण तो व्यवहार जाहिराती गोळा करण्याची ऐपत असलेल्या निर्मात्याचा आहे आणि त्याचा करार थेट वाहिनीशी होतो. तुमच्यासारख्या नोकरदार माणसाने कर्ज काढून करण्याची ती गोष्ट नव्हे.

आता फाइलीबद्दल. एकशे चार पाने मी सगळी वाचली. ‘हवेचे गुणधर्म’, ‘पाण्याची रूपे’, ‘आपली सूर्यमाला’ अशी भागांची शीर्षके आहेत, प्रत्येक भागात एक आजोबा आणि दोन नातवंडे आहेत, नातवंडे विचारतात आणि आजोबा सांगतात. मेहनत पानोपानी दिसते. तरीही, स्पष्ट लिहिल्याबद्दल राग मानू नका, पण रोज अशा दहा फायली चाळणारा माणूस दुसऱ्या भागानंतर ही फाइल मिटेल, कारण त्याला यात पाठ्यपुस्तक दिसेल, कार्यक्रम दिसणार नाही. मग एकतिसाव्या पानावर ‘अवांतर’ असे लिहून तुम्ही आठ-दहा ओळींत एक प्रसंग सांगितला आहे. शनिवारच्या सकाळच्या शाळेत तुम्ही घरून झाकणाचा एक डबा आणता, तो प्रत्येकाच्या कानाशी वाजवता आणि आत काय आहे ते ओळखायला सांगता. मुलांनी प्रश्न असे विचारायचे की उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ येईल. एकदा डब्यात सरकी, म्हणजे कापसाचे बी, होती. बहुतेकांनी सोयाबीन सांगितले. दुसरीतल्या एका मुलीने मात्र डबा वाजवलाच नाही, तिने तो आडवा धरून हळूच कलता केला, कान लावला आणि म्हणाली, “हे सोयाबीन नोहे, मॅडम. सोयाबीन घरंगयते, हे अडकून राह्यलं.”

ताई, तुमची मालिका या दहा ओळींत आहे. सरकीला लव असते म्हणून ती एकमेकींना धरून राहते आणि सोयाबीनचा गुळगुळीत दाणा गडगडत जातो, हे त्या मुलीला कोणी सांगितले नव्हते. घरी तिने दोन्ही हाताळले होते. सगळे डबा वाजवत असताना तिने पद्धत बदलली, जुनी ओळख वापरून एक शक्यता बाद केली आणि कारणही दिले. आजोबांनी बावन्न भाग बोलूनही एवढे विज्ञान घडणार नाही.

हा खेळ तुमच्या डोक्यात कुठून आला असावा, याचाही मला अंदाज आहे. भाद्रपदापासून कोजागरीपर्यंत आपल्याकडच्या मुली भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटी खिरापतीचा डबा वाजवून, गोड की तिखट, कोरडे की ओले असे विचारत विचारत आतला खाऊ ओळखतात. तुम्ही लहानपणी हे केले असणारच. म्हणजे तुमच्या कार्यक्रमाला जो घाट हवा आहे तो विदर्भातल्या प्रत्येक आईला आधीच ठाऊक आहे, आणि वाहिनीच्या अधिकाऱ्याला तो एका वाक्यात सांगता येतो: दर भागात एक बंद डबा, आत एक वस्तू, आणि मुलांनी तो न उघडता ती ओळखायची. विषयांची यादी कोणीही करू शकतो. दर भागात पुन्हा तसाच उभा राहणारा आणि तरीही दर वेळी वेगळा निघणारा प्रसंग सापडणे अवघड असते, आणि तो तुम्हाला सापडलेला असताना तुम्ही त्याला ‘अवांतर’ म्हटले आहे.

नवख्या माणसाकडे नाव नसते, पैसा नसतो, ओळख नसते. तुमच्याकडे मात्र अशी एक गोष्ट आहे जी मुंबई-पुण्याच्या निर्मिती संस्थांना सहजी मिळत नाही: रोज समोर येऊन बसणारी मुले. त्यांचा उपयोग कसा करावा, याचे उत्तम उदाहरण ‘सेसमी स्ट्रीट’चे आहे, जिचे हिंदी रूप ‘गली गली सिम सिम’ आपल्याकडे २००६ मध्ये आले. मूळ मालिका अमेरिकेत १० नोव्हेंबर १९६९ रोजी सुरू झाली. त्याआधी जुलैमध्ये तिचे पाच चाचणी-भाग फिलाडेल्फियातल्या मुलांना दाखवण्यात आले होते. बाहुल्या आणि खरी माणसे एकत्र दाखवल्यास मुलांचा गोंधळ होईल, असा तज्ज्ञांचा सल्ला असल्यामुळे रस्त्यावरच्या प्रसंगांत फक्त माणसे ठेवली होती, आणि नेमक्या त्याच प्रसंगांत मुलांचे लक्ष उडाले. तेव्हा निर्मात्यांनी तज्ज्ञांचे न ऐकता मुलांचे ऐकले आणि माणसांत वावरणारा तो मोठा पिवळा पक्षी आणि कचऱ्याच्या पिंपात राहणारा किरकिरा ऑस्कर जन्माला आले. लक्ष मोजण्याची त्यांची रीतही साधी होती. संशोधक एडवर्ड पामर टीव्हीच्या शेजारी दुसरा पडदा लावत, त्यावर दर साडेसात सेकंदांनी एक नवे चित्र येई, आणि मुलाची नजर टीव्हीवरून तिकडे कोणत्या क्षणी गेली, याची नोंद केली जाई.

आपल्याकडे त्या दुसऱ्या पडद्याचीही गरज नाही. पंचवीसेक वर्षांपूर्वी वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेच्या व्हरांड्यात आम्ही जलचक्रावर केलेली नऊ मिनिटांची फीत लावली होती आणि तिचा आम्हाला मोठा अभिमान होता. चौथ्या मिनिटाला निवेदक ‘बाष्पीभवन’ हा शब्द समजावून सांगू लागला आणि त्याच वेळी एक बकरी पायरी चढून वर आली. सगळी मुले तिच्याकडे वळली. बकरी हाकलली, पण मुले परत पडद्याकडे वळली नाहीत. रात्री फीत पुन्हा पाहिली तेव्हा ध्यानात आले की तिसऱ्या मिनिटापासूनच पडद्यावर काही घडत नव्हते, एक माणूस नुसता बोलत होता.

म्हणून येत्या दोन महिन्यांत एकच काम करा. डब्याच्या खेळाचा दहा मिनिटांचा एक नमुना-भाग मोबाइलवर चित्रित करा. मोबाइल आडवा धरा आणि हातात न ठेवता स्टुलावर किंवा स्टँडवर पक्का बसवा. चित्र थोडे कमी-जास्त झाले तरी चालेल, पण तुमचा सगळा खेळ आवाजावर उभा असल्यामुळे आवाज स्वच्छच हवा. साधा कॉलर माइक विकत आणा, पंखा बंद ठेवा, आणि टिनाच्या छताखाली आवाज घुमत असेल तर भिंतींवर गोधड्या टांगा. पार्श्वभूमीला चित्रपटातले गाणे लावू नका. भुलाबाईची गाणी परंपरेची असली तरी बाजारातल्या ध्वनिमुद्रणावर हक्क कोणाचा ना कोणाचा असतोच, तेव्हा गाणे हवे असल्यास मुलींकडूनच म्हणवून घ्या.

हा भाग तुमच्या वर्गाला दाखवून समाधान मानू नका, कारण तुमची मुले तुमच्या प्रेमाखातर पडद्याकडे पाहतील. तो शेजारच्या केंद्रातल्या अशा शाळेत न्या जिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही. भाग लावण्याआधी तिथल्या मुलांना एक बंद डबा द्या आणि ती तो कसा ओळखतात ते पाहा. मग तुम्ही मागे बसा. सहकाऱ्याला चौकटीचा कागद द्या आणि दर दहा सेकंदांनी किती मुलांची नजर पडद्यावर आहे, एवढेच टिपायला सांगा. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांसमोर एक नवा डबा ठेवा आणि ती काय करतात ते पाहा. काल नुसता खडखडवणाऱ्या मुलांपैकी काहींनी आज डबा कलता केला, वजन अजमावले, झाकणाचा वास घेतला, तर कार्यक्रमाने काही शिकवले असे म्हणता येईल. नाही केले, तर भाग पुन्हा बांधा आणि तिसऱ्या शाळेत जा. अशा दोन-तीन फेऱ्यांनंतर हाती येणारा आलेख आणि आधीचा-नंतरचा फरक हे तुमच्या प्रस्तावातले सर्वांत वजनदार पान असेल.

त्यानंतर प्रस्ताव लिहायचा, आणि तो छोटा ठेवायचा: दोन पानांचे संकल्पना-टिपण, एका भागाची पूर्ण संहिता, आणखी सहा भागांच्या दोन-दोन ओळी, चाचणीचे एक पान, आणि नमुना-भागाची लिंक, जी ज्यांना पाठवली त्यांनाच दिसेल अशी ठेवलेली. बावन्न भाग घरी राहू द्या. कोणी विचारलेच तर काढता येतील. वयोगट तुम्ही ‘६ ते १४’ लिहिला आहे, तो प्रथम बदला. सहा वर्षांचे मूल आणि चौदा वर्षांचा मुलगा एकच कार्यक्रम पाहत नाहीत, आणि हा आकडा वाचताच समोरच्याला कळते की लिहिणाऱ्याने प्रेक्षक ठरवलेला नाही. पहिली ते तिसरी एवढेच लिहा. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेले निपुण भारत अभियान तिसरीअखेर पायाभूत वाचन आणि गणित पक्के करण्यावर बेतलेले आहे. तुमच्या खेळातली मोजणी, तुलना आणि वर्णन त्यातल्या कोणत्या अपेक्षेशी जुळते, हे दोन वाक्यांत दाखवलेत तर शिक्षण खात्यातला आणि संस्थांमधला माणूस ते लगेच ओळखेल. लांबीचे गणितही लक्षात ठेवा. नियमाप्रमाणे तासाला १२ मिनिटांपर्यंत जाहिराती दाखवता येतात, म्हणजे अर्ध्या तासाचा कार्यक्रम प्रत्यक्षात २२ ते २४ मिनिटांचा असतो. दहा-अकरा मिनिटांचा एक डबा असेल तर दोन डब्यांत तो भरतो.

कोणाकडे जायचे, हा यापुढचा प्रश्न. खासगी वाहिनी एकट्या व्यक्तीकडून कार्यक्रम सहसा घेत नाही, निर्मिती संस्थेकडून घेते. त्यामुळे तिथे पोहोचण्याचा मार्ग लहान मुलांसाठी काही काम आधी केलेल्या संस्थेच्या सर्जनशील विभागातून जातो. पण तुमच्या विषयाला मला दुसरा रस्ता अधिक जवळचा वाटतो. २०२० साली करोनामुळे शाळा बंद होत्या तेव्हा ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका सह्याद्री वाहिनीवर दाखवली गेली, ती महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या पुढाकारातून तयार झालेली होती. म्हणजे खर्चाची आणि अभ्यासक्रमाची बाजू संस्थेने उचलली आणि सरकारी वाहिनीने पडदा दिला. शैक्षणिक कार्यक्रम बहुधा असेच उभे राहतात, कारण त्यांच्या जाहिरातींवर कोणाचेही घर चालत नाही. २०१३ च्या कंपनी कायद्यातल्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि शिक्षण हा त्यातला मान्य विषय आहे; चंद्रपूर-यवतमाळच्या पट्ट्यात कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने किती आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको. हा पैसा मात्र तुमच्या खात्यावर येऊ शकत नाही, त्यासाठी नोंदणीकृत संस्था लागते. तेव्हा जिल्ह्यात मुलांच्या शिक्षणाचे प्रामाणिक काम करणारी, हिशेब चोख ठेवणारी एखादी संस्था गाठा आणि प्रस्ताव तिच्या नावाने पण तुमच्या लेखनहक्कासह जाऊ द्या. सह्याद्रीसाठी मुंबईचा आणि ओळख व्हावी म्हणून नागपूरच्या दूरदर्शन केंद्राचा पत्ता तुम्हाला सहज मिळेल. दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती प्रस्ताव मागवते तेव्हा अटी संकेतस्थळावर देते, त्या शब्दशः पाळा.

चोरीच्या भीतीबद्दल. नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही, तिच्या मांडणीवर सांगता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये स्पष्ट केले आहे. ‘डब्यात काय आहे ते ओळखणे’ ही कल्पना तुमची नाही, भुलाबाईची आहे; तुमची पात्रे, तुमची संहिता, भागाची बांधणी हे तुमचे आहे आणि ते जितके तपशिलात लिहिलेले तितके सुरक्षित. स्वामित्वहक्काची नोंदणी ऐच्छिक असली तरी संहितेसाठी करून घ्या, किंवा मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनचे सदस्यत्व घेऊन तिथे नोंदवा. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ मध्ये एका मालिकेच्या प्रकरणात विश्वासाने सांगितलेल्या संकल्पनेलाही संरक्षण दिले होते, पण त्यासाठी ती कोणाला, केव्हा आणि कशी सांगितली हे दाखवता यायला हवे. म्हणून टिपण ईमेलनेच पाठवा आणि प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री काय बोलणे झाले ते दोन ओळींत कळवा. कराराची वेळ आली तर मुदत आणि प्रदेश लिहिल्याशिवाय सही करू नका. कायद्याप्रमाणे मुदत न लिहिल्यास हस्तांतर पाच वर्षांचे आणि प्रदेश न लिहिल्यास भारतापुरते धरले जाते, आणि उलट काही ठरलेले नसल्यास वर्षभरात हक्क घेणाऱ्याने तो वापरला नाही तर तो संपतो. एवढी काळजी घेतल्यावर मात्र भीती बाजूला ठेवा. एवढ्या वर्षांत मी चोरीला गेलेल्या कल्पना पाहिल्या त्यापेक्षा कितीतरी अधिक कपाटात राहून गेलेल्या पाहिल्या.

भाषेचा प्रश्न तुम्ही ‘वऱ्हाडी की प्रमाण’ असा घातला आहे, तो तसा सोडवायचे कारण नाही. गाडगे महाराज (१८७६–१९५६) अमरावती जिल्ह्यातले; कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारत आणि लोकांकडूनच उत्तर काढून घेत, बोलत आपल्या बोलीत, आणि ते साऱ्या महाराष्ट्राला कळत असे. तुमच्या सूत्रधाराला सोपे, सरळ मराठी बोलू द्या आणि मुलांना त्यांच्या तोंडी येईल तसे बोलू द्या. ‘घरंगयते’ दुरुस्त करून ‘घरंगळते’ करू नका. बोली फक्त हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी घालण्याची जी खोड टीव्हीला लागली आहे, ती तेवढी टाळा. उद्या भाग मेळघाटात किंवा गडचिरोलीत चित्रित झाला तर कोरकू आणि गोंडी बोलणारी मुलेही डबा ओळखतील, आणि वस्तूचे नाव त्यांच्या भाषेत आधी येईल. सूत्रधार शोधायचा झाल्यास मुंबईच्या आधी गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा-देसाईगंजला जा. झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, नटाला दिवाळीनंतर रात्ररात्र जागून हजारोंच्या गर्दीला धरून ठेवण्याची सवय असते, आणि पावसाळ्यात तो मोकळा असतो.

कागदपत्रांचे थोडक्यात. तुम्हाला जिल्हा परिषदेचे १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत, तेव्हा चित्रीकरणापूर्वी मुख्याध्यापकांमार्फत, योग्य मार्गाने, लेखी परवानगी मागा आणि अर्जाची पोच जपून ठेवा. नमुना-भागातल्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या. पुढे खरी मालिका झाली आणि मुले त्यात कलाकार म्हणून आली तर बालकामगार नियमांप्रमाणे निर्मात्याला जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते, मुलाचे काम दिवसाला पाच तासांपेक्षा आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त चालत नाही, आणि त्याच्या मिळकतीतला किमान २० टक्के भाग त्याच्या नावे मुदत ठेवीत जातो. निर्माता कितीही गोड बोलला तरी यातले काही सोडू नका. गावात तोंड तुम्हाला दाखवायचे आहे.

राहिला मुंबईचा प्रश्न. या सुट्टीत जाऊ नका. वेळ न ठरवता गेलात तर स्वागतकक्षात बसून परत याल आणि रेल्वेचे भाडे तेवढे जाईल. आधी ईमेल पाठवा, तीन आठवडे थांबा, उत्तर न आल्यास एकदाच नम्र आठवण करा आणि मग पुढच्या दारी जा. कोणी भेटीची तारीख दिली, तर जरूर जा. तिथे फाइल उघडू नका, लॅपटॉपही नको. पिशवीतून डबा काढा, समोरच्या अधिकाऱ्याच्या हातात द्या, ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर येईल एवढेच प्रश्न विचारायला सांगा आणि त्यांनी ओळखेपर्यंत गप्प बसा. आत सरकी ठेवा.